मक्याच्या मिशा

२ मार्च

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं दिलेली ही डायरी आजवर कोरीच पडून होती. आज लिहायला बसलो, कारण आमच्या हिनं जाताना बजावलं, "पाणी कधी घातलं, काय कधी उगवलं, ते लिहून ठेवा. मी फोनवर विचारीन. तुमच्या डोक्यात काही राहत नाही." माझ्या डोक्यात अख्ख्या गल्लीची डोकी राहतात. कुणाचा भोवरा कुठल्या बाजूला, कुणाच्या कानामागे मस, हे मी झोपेत सांगीन. सलून काय उगाच चालवतोय इतकी वर्षं? पण हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

ही थोरल्या बहिणीकडे गेली आहे. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात मदतीला कुणीतरी हवं. परत कधी येशील, असं विचारलं, तर म्हणाली, "बघू." आता 'बघू' हा माझा शब्द आहे. हिच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला.

बॅगा दोन नेल्या, त्यातली एक मोठी. गुडघा तर एकच आहे.

माझ्या हातात दोन डबे दिले. एकात खरबुजाचं बी, दुसऱ्यात पांढरा मका. दोन्ही हिच्या आईकडून आलेलं, बाजारात शोधून सापडायचं नाही. दर वर्षी लावायचं आणि दर वर्षी बी धरायचं, असं चालत आलंय. गेल्या वर्षी उंदरांनी फडशा पाडला, आता डब्याच्या तळाशी आहे तेवढंच जगात शिल्लक. हे गेलं की संपलं, असं ही म्हणाली आणि डबे माझ्या हातात ठेवले. मी म्हटलं, तुझ्या बहिणीची एवढी मोठी रोपवाटिका आहे, तिकडेच ने की. तर म्हणे, "तिथे आजूबाजूला सगळा पिवळा मका. हा बाटेल." म्हणून तो माझ्याकडे. ज्यानं आजवर घरामागे जाऊन फक्त टॉवेल वाळत घातले, त्याच्याकडे.

५ मार्च

पेरलं. खरबुजाला आळी केली. मका एका लांब ओळीत नको, चौकोनात जवळजवळ लावा, असं हिनं फोनवर सांगितलं. का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन बियांमध्ये अंतर किती, तर एक कंगवा आणि वर थोडं. कंबर धरली आहे.

भिंतीपलीकडून पेंटर बघत होता. पाट्या रंगवायचा, आता निवृत्त आहे आणि लोकांना सल्ले देतो. म्हणाला, "वहिनी कुठे दिसत नाहीत?" मी म्हटलं, गुडघा. तो "अच्छा" म्हणाला आणि बराच वेळ ब्रश पुसत बसला.

१४ मार्च

पाखरांनी मक्याची एक बाजू कोंबांसकट उपटली.  डब्यात उरलेले दाणे तिथे पुन्हा टोचले, वर जुनी जाळी टाकली. आता डबा रिकामा.

हिला भीत भीत सांगितलं. रागावली नाही. "होतं असं," म्हणाली. चहात साखर जास्त पडली तर तासभर बोलणारी बाई, आईचं बी पाखरांनी खाल्लं तर "होतं असं"? ह्याचा अर्थ काय घ्यायचा, मला कळत नाही.

२७ मार्च

सगळं तरारलंय. खरबुजाच्या वेलांनी पाय पसरायला सुरुवात केली.

फोन केला तेव्हा मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. त्यात एक हसू मला ओळखीचं वाटलं, पण चटकन लक्षात येईना. मग कळलं, ते हिचंच. मेहुणी झोपून, म्हणून ही रोपवाटिकेत गिऱ्हाईक बघते. म्हणाली, "आज एका बाईनं मला मॅडम म्हटलं. तिचे गुलाब जळत होते, मी सांगितलं काय करायचं ते. वहीत लिहून घेतलं तिनं." मी म्हटलं, "बिचारीचा चष्मा हरवला असेल." आमचं असं चालतंच. पण पलीकडून आवाजच आला नाही. रेंज गेली असावी. मी दोनदा हॅलो हॅलो केलं आणि ठेवून दिला.

१० एप्रिल

लेक आणि जावई येऊन गेले. लेकीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कपाळाला हात लावला. मी रोज अंडी आणि पाव खातो, त्यात भांडी कमी पडतात, एवढीच माझी चूक.

मग जावयानं हिचं शिवणयंत्र उचलून गाडीत ठेवलं. मी म्हटलं, हे कुठे? लेक म्हणाली, "आईनं मागवलंय." मी विचारलं, गुडघ्याला शिवणयंत्र कशाला लागतं? जावई गाडीचं दार उघडून पुन्हा लावायला लागला.  शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही, का कळून घ्यायचं नाही?"

मला खरंच कळत नाही. मी तसं सांगितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला बागेत नेलं, वेल दाखवले. "बाबा, हे तुम्ही केलंत?" असं तिनं तीनदा विचारलं. जाताना तिनं मला जवळ घेतलं, लहान मुलाला घेतात तसं. यंत्राच्या जागी फरशीवर चार पांढरे डाग राहिलेत. पुसून जात नाहीत.

२६ एप्रिल

खरबुजाला फुलं आली आणि माझी शोभा झाली.

दुकानात गर्दी होती, तेवढ्यात हिचा फोन. ऐकू येत नव्हतं म्हणून स्पीकरवर टाकला. "नर आलाय का मादी?" ही विचारतेय. मी म्हटलं, मला काय माहीत. "मागून बघा. मागे फुगीर गाठ असली की मादी." खुर्चीतले हेडमास्तर हसायला लागले. ते एक दिवसाआड दाढीला येतात, चाळीस वर्षं कुणाला हसून दाखवलं नाही, ते गालावर साबण घेऊन हसत होते. ही पुढे सांगतच राहिली. मादी कळी संध्याकाळी दोऱ्यानं बांधायची, सकाळी सोडायची, नराच्या पाकळ्या काढून त्याचा परागकण आत टेकवायचा, आणि पुन्हा बांधायची. म्हणजे माशी कुठलंही भलतंसलतं आणून टाकत नाही. "हलक्या हातानं," म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावता तेवढ्या." मला हे आवडलं. माझा हात हलका आहे, हे तिनं कधी बघितलं कुणास ठाऊक. दुकानात तर ती कधी येत नाही.

चार कळ्या बांधल्या आहेत.

६ मे

मका माझ्या डोक्याच्या वर गेला. शेंड्याला तुरे फुटलेत, अगदी नवरदेवासारखे.

ही म्हणाली, "आता मक्याला केस येतील. केसांना अजिबात हात लावू नका. केस वाळले की मगच कणीस तयार." मी म्हटलं, केसांच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस. ती हसली नाही, पण रागावलीही नाही.

तुऱ्यांना मी बोटसुद्धा लावत नाही. वाऱ्यानं वाकले तरी तसेच राहू देतो. मात्र खाली कणसाच्या तोंडातून चिकट, हिरवट धागे लोंबायला लागलेत. त्या मिशा. केस डोक्यावर असतात, तोंडापाशी असतात त्या मिशा, एवढं मला कळतं. फार गबाळं दिसत होतं. दुकान उघडायच्या आधी छोट्या कात्रीनं एकेकाच्या मिशा कोरल्या. पाखरांनी उपटलेल्या बाजूची झाडं अजून पोरसवदा आहेत, त्यांना मिसरूडही नाही.

९ मे

मिशा पुन्हा वाढल्या, पुन्हा कापल्या. रोजच वाढतात. कात्री धरून मक्यात उभं राहिलं की बरं वाटतं. कुणी बोलत नाही आणि कुणी मान हलवत नाही. इतकी गुणी गिऱ्हाइकं मला उभ्या आयुष्यात मिळाली नाहीत.

१५ मे

पेंटरनं आज भिंतीवरून माझी बिनपाण्यानं केली.

कात्री माझ्या हातात होती. तो ओरडला नाही, नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "काय करतोयस?" मी सांगितलं, मिशा. तो म्हणाला, "अरे शहाण्या, तेच केस. त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला गेलेला असतो. वर तुऱ्यातून पीठ पडतं, ते केसावर बसलं तर दाणा धरतो. तू सगळ्यांचे गळे कापलेस. केसानं गळा कापणं ऐकलं होतं, हे उलटं आज बघितलं."

मी तुरे बघितले. रिकामे होते, झटकले तरी काही पडेना. पेंटर म्हणाला, तुझ्या तुऱ्यांचं पीठ आठवड्यापूर्वीच सांडून गेलं. आता कुणाचं मिळणार, तर माझं. त्यानं हात केला तिकडे त्याच्या भिंतीलगत मका उभा होता. पिवळा, बाजारातला. उशिरा लावलेला. तुरे भरलेले, वाऱ्यानं आमच्याच बाजूला हलत होते. "तू लावलास म्हणून मलाही लावावासा वाटला," म्हणाला. मी कात्री खिशात घातली.

मागाहून टोचलेल्या झाडांना आता कुठे तुरे आणि मिशा येतायत. मिशा नाही, केस. त्यांच्यावर सगळी भिस्त आहे. त्यांना मी हात लावणार नाही, श्वाससुद्धा बेतानं सोडीन.

१६ मे

हिला सांगितलं नाही. फोन उचलला, "पाणी घातलं" एवढंच म्हणालो.

सकाळीच हेडमास्तरांचा मुलगा सांगून गेला होता, की मेहुणी त्याला बाजारात दिसली, भराभर चालत होती, बरोबर हीही होती. मी हिला म्हटलं, "गुडघा बरा झाला म्हणे."  ती म्हणाली, "हो. झाला." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय?"   आम्ही दोघं फोन कानाला लावून उभे, मागे कुणीतरी झाडांना पाणी मारत होतं. मग ती म्हणाली, दुपारी ऊन फार असेल तर वेलांवर पोतं टाका.

आता एक लक्षात आलं. मी लिहिताना 'ही' लिहितो. पण 'ही' म्हणायला माणूस जवळ असावं लागतं. मान वर करून बघितलं, तर समोर आरसा आणि रिकाम्या खुर्च्या.

१ जून

चारांतली तीन खरबुजं धरली. जाळीदार साल झालीय, वास सुटलाय. एक पिकल्यासारखं वाटलं म्हणून खेचून बघितलं, आलं नाही. तिला विचारलं, किती जोर लावू? ती म्हणाली, "जोर लावायचाच नाही. ओढून काढलं तर आत कच्चं असतं. पिकलं की देठ आपणहून सुटतो. नुसता हात लागला तरी सुटतो. कुणी तोडावं लागत नाही."

मी विचारलं, एवढे दिवस धरून ठेवलेलं असं एकदम कसं सुटतं? ती म्हणाली, "एकदम नसतं ते. आतून चाललेलं असतं बऱ्याच दिवसांपासून. तुम्हाला एकदम वाटतं." हे बाकी खरं असेल. मी आता सकाळ-संध्याकाळ देठ बघतो.

१२ जून

सुटलं. नुसता खाली हात घातला आणि वेलानं सोडून दिलं. लगेच फोन केला. मला वाटलं होतं, आता ती म्हणेल, आलेच. ती म्हणाली, "तुम्ही खा. बी धुऊन सावलीत वाळवा. मका वाळला की मी येते."

म्हणजे येते. येते म्हणाली. मी पुन्हा विचारून पक्कं केलं.

एकट्यानं खरबूज खायचं जिवावर आलं. चिरल्यावर सगळं घर भरलं वासानं. इतकी वर्षं खातोय, पण दर वेळी ती चिरून, बिया काढून ताटलीत आणून द्यायची, आणि मी पेपर वाचत खायचो. पोटात बिया असलेलं, असं उघडं, मी पहिल्यांदाच बघितलं. अर्धं पेंटरला दिलं. तो म्हणाला, असलं फळ मी लहानपणी खाल्लं होतं. 

३ जुलै

ती काल आली. सगळं एका दमात लिहून काढतो, म्हणजे कदाचित काही उलगडेल.

मी सकाळपासून तयारीत होतो. ओटा घासला, चादर बदलली, माझी दाढी दोनदा केली. ती बसमधून उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. केस कापलेले. मानेपर्यंत. आणि हातात बॅग एकच, तीही लहान.

पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते, "कुणी कापले?" ती म्हणाली, "तिथल्या पार्लरमध्ये." मी मागून बघितलं. डावीकडे केसभर खाली आलंय. मी म्हटलं, "रेघ सरळ नाही." ती म्हणाली, "मला चालतंय." मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. दुकानातून घरात जायला एक दार आहे. ते ओलांडून ती मला एकदा म्हणाली असती, तर मी कापून दिले असते. आता वाटतं, पूर्वी कधीतरी म्हणालीही असेल. मी 'बघू' म्हटलं असेल.

बागेत गेलो. कणसं वाळली होती. तिनं पहिलं सोललं. कणीस पिवळं, मध्ये कुठेतरी दोनचार पांढरे दाणे, बाकी बोळकं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. केस, मिशा, कात्री, पेंटरचं पीठ, सगळं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हलायला लागला. मला वाटलं रडणार. ती हसत होती. कणीस पोटाशी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "तुम्ही मक्याची दाढी केलीत," म्हणाली. मीही हसायला लागलो. आम्ही दोघं असं शेवटचं कधी हसलो होतो, मला आठवेना. पलीकडून पेंटरनं डोकं वर काढलं आणि लगेच खाली घेतलं.

मागाहून लावलेल्या झाडांची कणसं चांगली भरली होती. त्यांतही पिवळे दाणे होते, पण पांढरे जास्त. दुपारभर आम्ही जमिनीवर बसून पिवळे वेगळे काढले. तिनं माझा हात बघितला. "हलका आहे अजून," म्हणाली. पांढऱ्या दाण्यांचा चांगला मोठा ढीग झाला. बी वाचलं, असं ती दोनदा म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं.

मग ती दोन्ही डबे घेऊन आली. मका दोन्ही डब्यांत सारखा भरला. खरबुजाच्या बियांच्या दोन पुड्या केल्या, एकेका डब्यात एकेक ठेवली. मी म्हटलं, "मका वेगळा, खरबूज वेगळं, असं होतं ना?" ती म्हणाली, "आता असं. एक डबा तुमचा, एक माझा."

मी म्हटलं, "दोन कशाला? एकाच घरात तर राहणार."

ती डब्याचं झाकण घट्ट करत होती. म्हणाली, "बी दोन जागी असलेलं बरं. एका जागी काही झालं तरी दुसरीकडे राहतं. तुम्ही इथे लावा. मी तिथे महिनाभर आधी लावीन, म्हणजे तिथला पिवळा तुऱ्यावर यायच्या आत माझं होऊन जाईल."

हे मला पटलं. शेतीच्या दृष्टीनं बरोबर आहे. मी मान हलवली. मग विचारलं, "आणि तू?"

ती म्हणाली, "मी तिथे बरी आहे हो." हे ती इतक्या मायेनं म्हणाली, की ह्यात वाईट वाटून घ्यायचं की नाही, तेच मला ठरवता येईना. पुढे म्हणाली, "तुम्ही लावलंत. मला वाटलं नव्हतं. खरंच वाटलं नव्हतं." तिचे डोळे भरून आले. आनंदानं की कशानं, मी विचारणार होतो, पण बसची वेळ झाली होती.

बॅग मी धरली. स्टँडपर्यंत ती मला पाणी किती, खत कधी, ते सांगत होती. मी म्हटलं, फोन करत जाशील ना? ती म्हणाली, "करीन की. तुम्हीही करा. नुसतं मक्याचंच नाही, दुसरं काही असलं तरी करा." बस आली. खिडकीत बसल्यावर तिनं डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

५ जुलै

आज हेडमास्तर दाढीला आले. साबण लावला, पातं बदललं. त्यांनी डोळे मिटलेले होते. तसंच म्हणाले, "काय, वहिनी आल्या म्हणे?"

"आली होती," मी म्हटलं.

बोलून गेलो आणि मग मलाच ते ऐकू आलं. वस्तरा हातात तसाच राहिला. आली, असं म्हणायचं होतं मला. बायको घरी आली तर माणूस आली म्हणतो. आली होती, असं पाहुण्यांना म्हणतात.

हेडमास्तरांनी डोळे उघडले आणि आरशात माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले आणि हात मांडीवर जुळवून बसून राहिले. मी बराच वेळ तसाच उभा असणार, कारण हात हलला तेव्हा त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. तो मी पुसला आणि नव्यानं लावला.